पालाशचा रकाना

साहेबराव ओव्हाळांबरोबर मी अकरा वर्षं काम केलं. चाकणला बाजारपेठेच्या मागे एक खासगी माती परीक्षण प्रयोगशाळा होती, तिथे. ते माती तपासायचे, मी रिपोर्ट टाइप करायचे. मी लग्न होऊन लातूरकडून आलेली, नवरा कंपनीत शिफ्टला, आणि मला टायपिंग सोडलं तर काही येत नव्हतं. ओव्हाळकाकांनी मला नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे काय ते शिकवलं. "नत्रानं पीक वाढतं, स्फुरदानं मूळ धरतं, आणि पालाश असेल तर ते उभं राहतं आणि दाणा भरतो," असं ते सांगायचे. रिपोर्टमध्ये या तिघांचे तीन रकाने असत.

त्यांचे वडील पिंपरीला एका कारखान्यात भट्टीवर होते. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं. साहेबराव घरातले पहिले पदवीधर, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले. वडील पाहुण्यांना सांगायचे, "माझा पोरगा आगीपुढंच उभा असतो, पण कोट घालून." ते खरंच होतं. पालाश मोजायच्या यंत्रात गॅसची एक बारीक ज्योत असते. मातीचा अर्क तिच्यात फवारायचा. पालाश असेल त्या मानानं ज्योतीला जांभळट छटा येते, आणि यंत्र ती मोजून आकडा देतं. काका त्या ज्योतीपुढे पांढरा कोट घालून, काचेची नळी धरून असे उभे राहायचे, की मला पूजेला बसलेल्या माणसाची आठवण व्हायची. हे मी एकदा बोलले तर ते हसले. म्हणाले, "पूजा नाही वर्षाली. पूजेत आकडा चुकला तर चालतो."

२०१२ च्या ऑक्टोबरात ते यंत्र बंद पडलं. गव्हाची पेरणी तोंडावर, शेतकऱ्यांच्या मातीच्या पिशव्यांनी फळ्या भरलेल्या. सुटा भाग बाहेरून यायचा होता आणि त्याला दोन-अडीच महिने लागणार होते. नत्र आणि स्फुरद दुसऱ्या पद्धतीनं तपासता येत होते. अडलं होतं फक्त पालाश.

प्रयोगशाळेचे मालक म्हणाले, "ओव्हाळ, इकडच्या मातीत पालाश भरपूर असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. तीनशेच्या आसपास लिहून टाका."

काकांनी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी शेतकरी काउंटरवर येऊन भांडायला लागले, कारण रिपोर्ट नाही तर खत काय आणायचं हे कळत नव्हतं. मालकांनी काकांना आत बोलावून घेतलं. दार बंद होतं, मला शब्द ऐकू आले नाहीत. बाहेर आले तेव्हा काकांचा चेहरा उतरलेला होता. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. आधीची एक प्रयोगशाळा बंद पडून वर्षभर घरी बसलेले. मुलगी दीक्षा बारावीत.

ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि आकडे सांगू लागले. "दोनशे एक्याण्णव. तीनशे चार. दोनशे सत्त्याऐंशी. तीनशे अकरा." मी टाइप करत गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी ते मला म्हणाले, "सगळीकडे तीनशे लिहिलं असतं ना, तर कोणाला तरी शंका आली असती. मी आकडे वेगवेगळे केले. खोटं खऱ्यासारखं दिसावं म्हणून मेहनत घेतली मी."

त्या पिशव्यांत एक गोजाबाईंची होती.

गोजाबाई महाळुंग्याच्या. गावाच्या तिन्ही बाजूंनी कारखाने उभे राहिलेले, आणि मधे त्यांचं दीड एकर रान शिल्लक. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. मुलगा गणराज कंपनीत लागलेला, त्याला शेतीत रस नव्हता. बाई एकट्या दीड एकरात गहू करायच्या आणि मार्च-एप्रिलमध्ये पोत्यांनी टेम्पोत घालून निगडी-प्राधिकरणातल्या ठरलेल्या घरी पोचवायच्या. त्यांचा लोकवन गहू घेणारी वीस-बावीस घरं होती. प्रयोगशाळेत येणं-जाणं सुरू झालं तशी ओव्हाळकाकांची बायको, भिमाबाई, त्यांतलीच एक झाली.

माती आणली ती काकांनी शिवारातल्या बैठकीत सांगितल्याप्रमाणे अगदी बरोबर आणली होती. आठ ठिकाणची घेतलेली, सावलीत वाळवलेली, फडक्याच्या पिशवीत, आत चिठ्ठी. काउंटरवर त्या म्हणाल्या, "भाऊ, मालक व्हते तवर चुलीची आन् गुऱ्हाळाची राख टाकायचे रानात. गाडी गाडी. शेणखत बी असायचं. आता गुरं न्हाईत, घरात गॅस आला. दोन वर्सं झाली, दाणा बारीक पडतोय. राखंच्या जागी काही द्याया लागंल का?"

"रिपोर्ट आला की सांगतो, आक्का," काका म्हणाले. हे बोलणं झालं तेव्हा यंत्र चालू होतं. पिशवीचा नंबर लागेपर्यंत बंद पडलं.

रिपोर्ट न्यायला त्या आल्या तेव्हा मी तिथेच होते. काकांनी कागद पुढे केला. पालाशच्या रकान्यात २९४ होतं, आणि पुढे "भरपूर, देण्याची गरज नाही" असं मी टाइप केलेलं. गोजाबाईंना वाचता येत नव्हतं.

"म्हंजी राखंचं काय?"

काकांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "गरज नाही, आक्का."

जानेवारीत सुटा भाग आला. काकांनी संध्याकाळी कामाची वेळ संपल्यावर थांबून, कपाटात उरलेले मातीचे सगळे नमुने पुन्हा तपासले. आठवडा लागला. कोणी सांगितलं नव्हतं. एकशे चाळीसपैकी बहुतेकांचं पालाश खरंच बरं निघालं, मालकांचा अंदाज फार चुकला नव्हता. नऊ जणांचं मात्र कमी होतं. त्या नवांत सगळ्यात खाली गोजाबाईंचं. अठ्ठ्याऐंशी. हेक्टरी अठ्ठ्याऐंशी किलो म्हणजे अत्यंत कमी. डोंगराकडची मुरमाड जमीन होती ती. राख आणि शेणखत यांतल्या पालाशवर तिचं इतकी वर्षं भागलं होतं, आणि तेच बंद झालं होतं.

काका मालकांकडे गेले. मालक म्हणाले, "पेरण्या होऊन गेल्या. आता उकरून काय मिळणार? पुढच्या वर्षी येतीलच ना तपासायला."

चिठ्ठीवर गोजाबाईंचा मोबाइल नंबर होता. काकांनी दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला, हे मी पाहिलं. मीही काही बोलले नाही. पुढच्या वर्षी आक्का आल्या की सांगू, असं आम्ही दोघांनीही मनाशी धरलं. पण पुढच्या वर्षी त्या आल्याच नाहीत. येणार कशाला? आमच्याच रिपोर्टच्या तळाशी छापलेलं होतं, 'पुढील परीक्षण तीन वर्षांनी.' गणराजनं ते त्यांना वाचून दाखवलं असणार.

त्या तीन वर्षांत काय झालं ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. गव्हाच्या खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्यासारख्या व्हायच्या. आक्कांना वाटायचं, युरिया कमी पडला. त्या जास्त टाकायच्या. गहू हिरवागार, उंच व्हायचा, बघणारा म्हणायचा, काय पीक आलंय! आणि फेब्रुवारीत ओंब्या भरायच्या वेळी वारा सुटला की सगळा लोळायचा. काडात दमच नसायचा. लोळलेल्या गव्हात दाणा भरत नाही. जो निघायचा तो चिमलेला, सुरकुतलेला.

हा गहू ओव्हाळकाकांच्या घरी यायचा.

पहिल्या वर्षी भिमाबाई म्हणाल्या, "या खेपेला बारीक आहे जरा." दुसऱ्या वर्षी गिरणीतून दळण आलं आणि त्यांनी चाळणी काकांपुढे आणून ठेवली. "बघा, निम्मा कोंडाच. पोळी लाटताना फाटते." काका पोळी खात होते. तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, गोजाबाई टेम्पो घेऊन दारात आल्या तेव्हा काका आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"आक्का, राग मानू नका," भिमाबाई म्हणत होत्या. "या वर्षी आम्ही दुसरीकडून घेतलाय."

"न्हाई, राग कशाचा," गोजाबाई म्हणाल्या. "गहू बी तसाच निघतोय. माज्याच हातानं काहीतरी व्हतंय. मालक व्हते तवर असं न्हवतं."

काका आतून बाहेर आले नाहीत. हे सगळं ते मला पुढे सांगायचे, तेव्हा शेवटी एवढ्याच वाक्यापाशी थांबायचे. "मी पलंगावर बसून होतो, वर्षाली. हातात पेपर होता. दार उघडं होतं."

२०१६ नंतर आक्कांनी गहू पेरला नाही. कंपनीत येणाऱ्या पोरांना राहायला जागा लागत होती. गणराजनं रानात पत्र्याच्या छपराच्या खोल्या बांधल्या, एकदा आठ, मग आणखी बारा. आजूबाजूला सगळ्यांनी तेच केलं होतं, त्यात वेगळं काही नव्हतं. आक्कांचा रिपोर्ट खरा असता तरी कदाचित कधीतरी तेच झालं असतं. मी काकांना हे समजावायचा प्रयत्न केला. ते म्हणायचे, "झालं असतं. पण तिनं ठरवून झालं असतं. हरून नाही."

२०२२ ला काका निवृत्त झाले. प्रयोगशाळाही पुढच्या वर्षी बंद झाली. घरी बसल्यावर त्यांनी एके दिवशी भिमाबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या त्यांना धीर देतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे तिला नाही म्हणायचं ते माझ्या तोंडून, आणि तुम्ही आत बसलात?" आणि मग, "तिला जाऊन सांगा. मला सांगून काय होणार?"

२०२४ च्या सप्टेंबरात ते मला फोन करून म्हणाले, "महाळुंग्याला येतेस का? टाइप तू केलं होतंस."

आम्ही गेलो. खोल्यांच्या दोन रांगा, मधून गटार, दोरीवर कंपन्यांचे निळे-राखाडी शर्ट वाळत घातलेले. आक्का ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. सदुसष्टच्या आसपास असतील. त्यांनी काकांना लगेच ओळखलं, "या भाऊ, मातीवालं भाऊ," म्हणून उठू लागल्या.

काकांनी त्यांना नीट उठूही दिलं नाही. उभ्यानंच सांगितलं. "यंत्र बंद होतं, आकडा मी मनानं लिहिला, खरा आकडा अठ्ठ्याऐंशी होता, मला जानेवारीत कळलं होतं, मी फोन केला नाही." कुठेही शब्द फिरवला नाही की मालकांचं नाव पुढे केलं नाही.

आक्कांना आधी समजलंच नाही. "म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही विचारलं होतं ना, राखेच्या जागी काही द्यायला लागेल का? द्यायला लागत होतं. लाल पोटॅश मिळतं, पालाशचंच खत, ते. पेरणीच्या वेळी. एकरी अर्ध्या पोत्यानं भागलं असतं."

"एकरी अर्दं पोतं," आक्का म्हणाल्या.

बराच वेळ त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मी मालकांच्या फोटोम्होरं उभी ऱ्हायचे. म्हणायचे, तुमचा हात घिऊन गेलात, मला काय ठिवलं न्हाई. पोरगा म्हणायचा, आई, तुज्या हातात शेती ऱ्हायली न्हाई. मला बी खरंच वाटलं. आठ वर्सं झाली, कुंडीत तुळस बी लावत न्हाई मी. सुनंला लावाया सांगते."

काका रडले. आक्का रडल्या नाहीत. त्यांनी आम्हाला चहा दिला. निघताना काका म्हणाले, "आक्का, तुमचा हात खराब नव्हता, हे मी दाखवून देतो. मागे विहिरीपाशी जागा दिसतेय थोडी."

खोल्यांच्या मागे विहिरीजवळ दोनेक गुंठ्यांची पट्टी पडीक होती. काकांनी आधी तिची माती नेली आणि पैसे भरून एका सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतली. पालाश एक्क्याण्णव. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पट्टीचे दोन सारखे भाग केले. बी एकच, पाणी एकच, नत्र-स्फुरद एकच. फक्त एका भागात पोटॅश, पाऊण किलोला थोडं कमी. निगडीहून दोन बस बदलून ते दर आठवड्याला येत. पेरणी त्यांनी आक्कांच्या हातानंच करून घेतली. आक्का नको नको म्हणत होत्या. "मी न्हाई, भाऊ. उगाच वाया जाईल." सून निशिगंधानं बियाण्याचं सूप त्यांच्या हातात ठेवलं, तेव्हा कुठे त्यांनी मूठ भरली.

जानेवारीपर्यंत दोन्ही भाग सारखेच दिसत होते. काकांची झोप उडाली. मला फोनवर म्हणाले, "पोटॅश काही जादू नाही, वर्षाली. पण फरक दिसायला पाहिजे." मग पोटॅश न दिलेल्या भागात खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. आक्कांनी वाकून त्यातलं एक पान हातात घेतलं. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच व्हायचं. मी युरिया टाकायचे."

फेब्रुवारीच्या शेवटी वारा सुटला. एक भाग निम्म्याहून अधिक लोळला. दुसरा वाकला आणि पुन्हा उभा राहिला.

मार्चमध्ये कापणीला मी गेले होते. दोन्ही भागांचं वेगवेगळं मळलं. एका गुंठ्यात चौतीस किलो निघाले, दुसऱ्यात सव्वीस. काकांनी घरून छोटा काटा आणला होता. दोन्हीकडचे हजार-हजार दाणे मोजून त्यांनी वजन केलं. पोटॅशचे एक्केचाळीस ग्रॅम, बिनपोटॅशचे तेहतीस. पण काट्याची गरजच नव्हती. दोन ताटल्या शेजारी ठेवल्या तरी दिसत होतं. एकीत टपोरा, पिवळसर, चकाकणारा दाणा. दुसरीत बारीक, पोटाला खोल चीर पडलेला, मातकट.

आक्कांनी टपोरे दाणे ओंजळीत घेतले. दाताखाली एक फोडून पाहिला. "आसाच व्हता," त्या म्हणाल्या. "मालकांचा आसाच व्हता."

"हा तुमचा आहे, आक्का," काका म्हणाले. "तुमच्या हाताचा."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. काकांनाही तसंच वाटलं असणार. चार महिने ते त्यासाठीच धावत होते. आक्कांनी दाणे परत ताटलीत ओतले. म्हणाल्या, "भाऊ, हात खराब हाय म्हनून मी खोल्या बांधू दिल्या. मनाची समजूत घातली व्हती. आता तुमी म्हनता हात चांगला व्हता. मग आता ह्या खोल्यांचं काय करू मी?"

काका काटा पिशवीत भरू लागले.

संध्याकाळी गणराज शिफ्टवरून आला. आक्कांनी दोन्ही ताटल्या त्याच्यापुढे धरल्या. "बघ. माज्या हाताचं न्हवतं ते. खत कमी पडत व्हतं."

गणराजनं पाहिलं. वाईट माणूस नाही तो. "हो का," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "बरं झालं कळलं ते." आणि हातपाय धुवायला आत गेला. त्याला त्या जुन्या बोलण्याची आठवणही नव्हती. आईला म्हटलेलं एक वाक्य. तो ते केव्हाच विसरून गेला होता.

मे महिन्यात त्या पट्टीवरही चार खोल्या उभ्या राहिल्या. आक्कांनीच सांगितलं म्हणे, बांधा. काका तरीही अधूनमधून जातात. आक्का चहा देतात, गुडघ्यांचं बोलतात, नातीचं बोलतात. गव्हाचा विषय त्या काढत नाहीत आणि काकांनाही काढू देत नाहीत. एकदा ते माफीचं काहीतरी पुटपुटले, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या भाऊ. चा गार व्हतोय."

बाकीच्या आठ जणांची नावं मला माझ्याकडे राहिलेल्या जुन्या फायलीत सापडली. त्यांनाही गाठायचं असं काकांनी ठरवलं. दोघं वारले होते. तिघांच्या रानात गोडाऊन झालं होतं. त्यांना सांगितलं, तर एक हसला आणि एकानं शिव्या घातल्या, तिसरा नुसता "असं होय" म्हणाला. दोघांचा पत्ता लागला नाही.

राहिले ते माणचे ज्योतीराम. आयटी पार्कच्या भिंतीला लागून त्यांचं पाऊण एकर अजून पिकतंय. मीही गेले होते बरोबर. काकांचं सगळं ऐकून घेतल्यावर ते घरात गेले आणि ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आमचाच रिपोर्ट घेऊन आले. बारा वर्षं झाली होती. त्यावर पालाशच्या रकान्यात माझं टायपिंग होतं, ३०७.

"खरा किती व्हता?"

"एकशे बारा."

"मग लिवा."

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. काकांनी ३०७ वर रेघ मारली, बाजूला ११२ लिहिलं आणि सही केली. तारीख घालताना ते थांबले, कोणती घालावी या विचारानं.

"आजचीच टाका," ज्योतीराम म्हणाले. "त्या वक्ताची कशी टाकणार आता?"

काकांनी आजची टाकली. ज्योतीरामांनी कागद पुन्हा पिशवीत घातला आणि ट्रंकेत ठेवायला घेऊन गेले.